जुने आठवते, सकाळचे का आठवत नाही?

उतारवयात स्मरणशक्ती कमी होते, असे आपण सरसकट म्हणतो. प्रत्यक्षात स्मृती ही एकसंध शक्ती नाही. मेंदूच्या निरनिराळ्या भागांनी वाटून घेतलेली ती अनेक कामे आहेत. त्यांपैकी कोणते काम मंदावले आहे हे ओळखता आले, तर साधे वार्धक्य आणि आजार यांतील फरक वेळेवर कळू शकतो.

महाड तालुक्यातील सव हे सावित्रीकाठचे गाव गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी ओळखले जाते. दुखरे गुडघे आणि आखडलेले सांधे शेकण्यासाठी वडीलधारी मंडळी अशा झऱ्यांवर येतात. सांध्याचे दुखणे सांगता येते, बोट ठेवून दाखवता येते. स्मृतीचे दुखणे मात्र ज्याला असते त्याला बहुधा उमगत नाही आणि घरच्यांना उमगते तेव्हा पुष्कळ उशीर झालेला असतो.

महाड-पोलादपूर परिसरातील अनेक घरांतील तरुण पिढी मुंबई, ठाणे, पुण्यात स्थिरावली आहे. गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी गावी येतात, चार-आठ दिवस राहतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा माणसे कशी अंगणात धावली, कोणाच्या घराची भिंत खचली, हे सत्तरी ओलांडलेली आई बारकाव्यांसह सांगते. ते ऐकून ‘आईची स्मरणशक्ती आमच्यापेक्षा चांगली’ असा निर्वाळा देऊन मुले परततात. हा निर्वाळा फसवा असू शकतो. साठ वर्षांपूर्वीची पहाट आठवणे आणि आज सकाळी रक्तदाबाची गोळी घेतली की नाही हे आठवणे, ही मेंदूची दोन वेगळी कामे आहेत. पहिले शाबूत असताना दुसरे ढासळू शकते.

एका शस्त्रक्रियेने उलगडलेले रहस्य

स्मृतीची कामे मेंदूत विभागलेली आहेत, हे वैद्यकाला ठामपणे कळले ते एका रुग्णामुळे. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या सत्तावीस वर्षांच्या तरुणावर फेफऱ्याचे झटके थांबावेत म्हणून मेंदूची शस्त्रक्रिया करण्यात आली. दोन्ही कानशिलांच्या आत खोलवर असलेला भाग, ज्यात हिप्पोकॅम्पसचा मोठा हिस्सा होता, काढून टाकण्यात आला. झटके कमी झाले. परंतु त्या दिवसापासून मोलेसन यांना नवी आठवण साठवता येईना. नुकतीच भेटलेली व्यक्ती खोलीबाहेर जाऊन परतली की ती त्यांना अनोळखी वाटे. बालपण मात्र त्यांना आठवत होते, भाषा शाबूत होती, बुद्धिमत्तेतही घट नव्हती.

मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवण्याचा सराव त्यांनी मोलेसन यांच्याकडून करून घेतला. दिवसागणिक त्यांचा हात सफाईदार होत गेला; पण आदल्या दिवशी आपण हे केले होते, याची त्यांना गंधवार्ताही नसे. हाताला आठवत होते आणि मनाला आठवत नव्हते. प्रसंगांची स्मृती एका ठिकाणी आणि कौशल्याची स्मृती दुसऱ्या ठिकाणी घडते, हे यातून सिद्ध झाले. मोलेसन २००८ साली, ८२ व्या वर्षी मरण पावले.

हिप्पोकॅम्पस : नव्या आठवणींचे दार

समुद्री घोड्यासारखा आकार असल्यामुळे हिप्पोकॅम्पस हे नाव मिळालेला हा भाग मेंदूच्या दोन्ही बाजूंना एकेक असतो. कोण भेटले, कुठे भेटले, काय बोलणे झाले हे सुटे धागे एकत्र गुंफून त्यांचा ‘प्रसंग’ बनवणे हे त्याचे मुख्य काम. उतारवयात तो वर्षाला साधारण एक ते दोन टक्के आक्रसतो. नवी माहिती मनात रुजायला वेळ लागतो, ती ओळख झालेल्या माणसाचे नाव आणि चेहरा यांची सांगड बसत नाही, ही त्याची सर्वसाधारण लक्षणे होत.

सारख्या दिसणाऱ्या दोन प्रसंगांना वेगवेगळे ठेवण्याचे कामही हिप्पोकॅम्पसचाच एक भाग करतो. वयोमानाने तो शिथिल होतो आणि मिळत्याजुळत्या आठवणी एकमेकींत मिसळू लागतात. महाड शहर जुलै २००५ मध्ये पुरात बुडाले, तसेच जुलै २०२१ मध्येही. पाणी कोणत्या पुरात कितव्या पायरीपर्यंत आले, कोणत्या वेळी शेजाऱ्यांकडे आसरा घेतला, याची एखाद्या आजोबांकडून सरमिसळ झाली तर ती चिंतेची बाब नव्हे. दोन पूर होते हे त्यांना ठाऊक आहे. तपशिलांच्या कडा फक्त पुसट झाल्या आहेत.

हिप्पोकॅम्पसचे दुसरे काम वाटा ओळखण्याचे. प्राणी विशिष्ट जागी आला की हिप्पोकॅम्पसमधील विशिष्ट पेशी सक्रिय होतात, हे जॉन ओकीफ यांनी १९७१ साली दाखवले. हिप्पोकॅम्पसला लागूनच असलेल्या एन्टोरायनल कॉर्टेक्स या भागात जागेचा जणू आखीव नकाशा मांडणाऱ्या पेशी असतात, हे मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर या दाम्पत्याने पुढे शोधले. या तिघांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या शोधाचा वृद्धांच्या आरोग्याशी थेट संबंध आहे. अल्झायमरच्या आजारात जी पडझड होते, तिची सुरुवात प्रायः याच एन्टोरायनल कॉर्टेक्समध्ये आणि पाठोपाठ हिप्पोकॅम्पसमध्ये होते. म्हणूनच नवे काही लक्षात न राहणे आणि ओळखीच्या वाटेवर चुकणे, ही या आजाराची आरंभीची लक्षणे ठरतात. पोलादपूरसारख्या डोंगराळ तालुक्यात घरे वाड्यांमध्ये विखुरलेली असतात आणि पायवाटा रानातून जातात. ज्या वाटेने आयुष्यभर गुरे नेली, त्याच वाटेवर माणूस घुटमळू लागला, तर ‘वय झाले’ म्हणून ते सोडून देता येणार नाही.

कपाळामागचा कारभारी

कपाळाच्या मागे असलेला मेंदूचा अग्रभाग, अर्थात प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, स्वतः आठवणी साठवत नाही. त्यांचा कारभार पाहतो. लक्ष एकाग्र करणे, काही क्षणांपुरते आकडे मनात धरून ठेवणे, नेमकी हवी ती आठवण शोधून काढणे, ती बातमी कोणी सांगितली याचा माग ठेवणे आणि ‘संध्याकाळी गोळी घ्यायची आहे’ हे योग्य वेळी आठवून देणे, ही त्याची कामे. निरोगी वार्धक्यात जे भाग लवकर थकतात त्यांत याचा क्रम वरचा आहे.

एखादे नाव ओठांवर येऊन अडते आणि तासाभराने, दुसरेच काम करताना, आपसूक आठवते. हा विसरभोळेपणा साठवणीचा नसून शोधाचा आहे. नाव मेंदूत होतेच. ते काढून द्यायला कारभाऱ्याला वेळ लागला. अशा वेळी पहिले अक्षर सुचवले की आठवण येते. हिप्पोकॅम्पसमध्ये मुळातच न साठलेली गोष्ट मात्र कितीही सुचवले तरी आठवत नाही. घरच्या घरी लक्षात घेण्याजोगा हा सर्वांत उपयुक्त फरक आहे.

या भागाची एक दिलासादायक बाजूही पुढे आली आहे. स्मरणाची काही कामे करताना तरुणांच्या मेंदूत अग्रभागाची प्रामुख्याने एकच बाजू सक्रिय होते, तर ज्येष्ठांमध्ये दोन्ही. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे रॉबर्टो काबेझा यांनी २००२ साली याविषयीची मांडणी केली. त्यांच्या पाहणीत चांगली स्मरणशक्ती असलेल्या ज्येष्ठांमध्येच दोन्ही बाजूंचा वापर ठळकपणे दिसला. एका बैलाला न झेपणारे ओझे जोडीने ओढावे, तसा हा प्रकार आहे. म्हातारपणी मेंदू केवळ झिजत नाही. उरलेल्या बळाची तो नव्याने मांडणीही करतो.

शब्द आणि ज्ञान यांचे भांडार

चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ रोजी झाला, हे महाडमधील कोणीही सांगेल. नरवीर तानाजी मालुसरे यांचे नाव पोलादपूर तालुक्यातील उमरठ गावाशी जोडलेले आहे, हेही तितकेच सर्वज्ञात. सांगणाऱ्याने स्वतः हे पाहिलेले नसते. असे ज्ञान म्हणजे अर्थस्मृती. शब्दांचे अर्थ, झाडाझुडपांची नावे, नातीगोती, म्हणी, रीतिरिवाज हे सारे तिच्यात मोडते. कानशिलालगतच्या टेम्पोरल लोबच्या बाह्य आणि पुढील भागांत, तसेच मेंदूच्या पृष्ठभागावर दूरवर पसरलेल्या जाळ्यात ही स्मृती वसते.

वार्धक्यात सर्वांत चांगली टिकणाऱ्या स्मृतींपैकी ही एक. शब्दसंग्रह तर साठीनंतरही वाढू शकतो. कोणत्या पानाची भाजी कोणत्या महिन्यात खावी, हे नातीपेक्षा आजीला अधिक ठाऊक असते ते यामुळेच. उलट, रोजच्या वस्तूंची नावेच नव्हे तर त्यांचे उपयोगही पुसले जाऊ लागले, विळी हातात घेऊन ‘हे काय असते?’ असा प्रश्न आला, तर तो नेहमीच्या वार्धक्याचा भाग मानू नये.

हातांना असलेली आठवण

भाताची लावणी करताना मुठीतून नेमकी तीन-चार रोपे सुटी करून चिखलात खोचणे, जात्याचा खुंटा लयीत फिरवणे, सायकल चालवणे, पेटी वाजवणे या गोष्टी शब्दांनी आठवाव्या लागत नाहीत. त्यांचा आधार मेंदूच्या खोल गाभ्यातील बेसल गँग्लिया आणि मानेच्या वरच्या अंगाला असलेला लहान मेंदू हे भाग. वयाबरोबर हालचाल संथ होते. पण मुरलेले कसब सहसा विसरले जात नाही. अल्झायमरमध्येही हे भाग बराच काळ तग धरतात. पार्किन्सनच्या आजारात मात्र नेमकी बेसल गँग्लियाची यंत्रणा बिघडते आणि सवयीने होणाऱ्या हालचाली अडखळतात.

जात्यावरच्या ओव्या, गौरीच्या फेराची गाणी, भजने यांचेही असेच. शब्द, सूर आणि हालचाल एकत्र मुरल्यामुळे ही गाणी मेंदूत एकाच जागी अवलंबून नसतात. नातवाचे नाव विसरलेली आजी चाल सुरू होताच अख्खे गाणे म्हणू शकते, ते त्यामुळेच. स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या सांभाळात संगीताचा वापर होतो तो याच आधारावर.

भीतीची खूण

बदामाच्या आकाराचा अमिग्डाला हा लहानसा भाग हिप्पोकॅम्पसच्या पुढ्यातच असतो. भय, शोक, आनंद यांचा उद्रेक झाला की तो ‘हे जपून ठेव’ असा इशारा देतो आणि आठवण घट्ट कोरली जाते. या खोऱ्याच्या वाट्याला असे प्रसंग वारंवार आले. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन येथे दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे दरडीखाली ८० हून अधिक माणसे दगावली. ज्यांनी हे भोगले त्यांच्या मनात त्या रात्री आजही ताज्या असणे स्वाभाविक आहे. जोराचा पाऊस सुरू झाला की वृद्ध माणूस अकारण अस्वस्थ होतो असे घरच्यांना वाटते. त्याच्या अमिग्डालाच्या दृष्टीने ते अकारण नसते.

याचा आणखी एक पैलू अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या २०१४ मधील प्रयोगात दिसला. अल्झायमरच्या रुग्णांना करुण आणि आनंदी चित्रफिती दाखवण्यात आल्या. थोड्याच वेळात त्यांना चित्रफितीतील फारसे काही आठवेना. मनातील दुःख वा आनंद मात्र रेंगाळत राहिला. आपण आईवर खेकसलो हे ती विसरेल, पण खेकसण्याने आलेली खिन्नता तिच्याजवळ उरेल. प्रेमाने काढलेल्या तासाभराचेही तसेच.

जुने का टिकते?

नवी आठवण सुरुवातीला हिप्पोकॅम्पसच्या आधाराने उभी असते. पुढे महिने आणि वर्षे लोटताना, विशेषतः गाढ झोपेत, तिचा बराचसा भार मेंदूच्या पृष्ठभागावरील विस्तृत जाळ्याकडे सोपवला जातो. साठ वर्षांपूर्वीची गोष्ट शेकडो वेळा सांगून झालेली असते. प्रत्येक सांगण्याने तिची वीण घट्ट होते. शिवाय दहा ते तीस या वयातील आठवणी माणसाला उतारवयात सर्वाधिक येतात, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. हिप्पोकॅम्पस आजारी पडला की नवे आत येणे थांबते, जुने मात्र बराच काळ शाबूत राहते. १८८१ साली तेओद्यूल रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने हे निरीक्षण नोंदवून ठेवले होते.

म्हणूनच सणापुरत्या गावी आलेल्या मुलांनी जुन्या गोष्टी ऐकून निश्चिंत होऊ नये. त्यांनी कालचे विचारावे. काल कोण आले होते? सकाळी कोणती भाजी केली? पेन्शनचे पैसे केव्हा काढले? तोच प्रश्न अर्ध्या तासात तीनदा येतो का, गॅस चालू राहतो का, दुकानात पैशांचा हिशेब चुकू लागला आहे का, हे पाहावे. शेजाऱ्यांकडेही चौकशी करावी. वर्षभर तेच सोबत असतात.

साधे विसरणे आणि गंभीर विसरणे

चष्मा कुठे ठेवला हे विसरणे साधे. चष्मा पिठाच्या डब्यात सापडणे आणि तो आपण ठेवला हे पूर्णपणे नाकारणे गंभीर. लग्नाला कोण कोण आले होते हे विसरणे साधे. गेल्या महिन्यात लग्नाला गेलो होतो हेच विसरणे गंभीर. आज कोणता वार, याचा क्षणभर गोंधळ साधा. पावसाळा चालू आहे की उन्हाळा हे न उमगणे गंभीर. आपण विसरतो अशी तक्रार माणूस स्वतः करतो तेव्हा ते बहुधा कमी धोक्याचे. तो नाकारतो आणि घरचे सांगतात तेव्हा दखल घेण्याचे.

काही तासांत वा एक-दोन दिवसांत अचानक भ्रम झाला, माणूस असंबद्ध बोलू लागला, तर तो स्मृतिभ्रंश नव्हे. ताप, जंतुसंसर्ग, शरीरातील क्षार कमी होणे किंवा औषधांचा परिणाम यामुळे ते घडते. त्याच दिवशी रुग्णालय गाठायला हवे.

गावांपुढचा प्रश्न

साठ वर्षांवरील भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने मांडला. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये, शहरांपेक्षा खेड्यांत आणि शिक्षणाची संधी न मिळालेल्यांमध्ये अधिक आढळले. गावी एकट्या राहणाऱ्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या वृद्ध आईच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी एकत्र येतात.

निदानातही अडचण आहे. तारीख सांगा, वाक्य लिहा, आकृती काढा अशा धर्तीच्या प्रचलित चाचण्या साक्षरांना समोर ठेवून तयार झाल्या. निरक्षर आजी त्यांत नापास झाली म्हणजे तिला आजार आहे, असे होत नाही. हरियाणातील बल्लभगड येथे नव्वदच्या दशकात निरक्षर ग्रामस्थांसाठी हिंदीतून वेगळी चाचणी तयार करण्यात आली, ती यासाठीच.

शालेय शिक्षणाखेरीज इतर मार्गांनीही मेंदूची शिदोरी वाढते. हैदराबाद येथे डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध केला. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाची सुरुवात सुमारे साडेचार वर्षे उशिरा झालेली आढळली आणि हा फरक निरक्षरांतही दिसला.

काय करता येईल?

विस्मरणाची काही कारणे बरी होण्याजोगी असतात. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, नैराश्य, झोपेच्या गोळ्यांचा अतिरेक ही त्यांपैकी प्रमुख. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालय संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६७ टक्के जणांत ब-१२ कमी आढळले होते. शाकाहारी कुटुंबांनी ही रक्ततपासणी टाळू नये.

‘लॅन्सेट’ नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगे १४ धोके सांगितले. उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, ऐकू न येणे, दृष्टी मंदावणे, एकटेपणा यांचा त्यांत समावेश आहे. या सर्वांचा बंदोबस्त झाला तर जगातील स्मृतिभ्रंशाची सुमारे ४५ टक्के प्रकरणे टळू किंवा लांबू शकतील, असा त्यांचा अंदाज आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आणि श्रवणयंत्र ही त्या अर्थाने स्मृतीचीही औषधे ठरतात. चालण्याचा उपयोगही मोजला गेला आहे. आठवड्यातून तीन दिवस, ४० मिनिटे चालणाऱ्या ज्येष्ठांच्या हिप्पोकॅम्पसचा आकार वर्षभरात सुमारे दोन टक्क्यांनी वाढल्याचे २०११ मधील अमेरिकी अभ्यासात दिसले.

थकलेल्या भागाचे काम शाबूत भागाकडे सोपवणे हाही एक उपाय. ‘आठ वाजता गोळी घे’ असे सांगण्यापेक्षा गोळीचा डबा चहाच्या डब्याशेजारी ठेवावा. सवयीची स्मृती मदतीला येते. वस्तूंच्या जागा वारंवार बदलू नयेत. नव्या फोनपेक्षा सरावाचा जुना फोन बरा. वृद्धांना अचानक शहरातील फ्लॅटमध्ये हलवल्यावर त्यांचा गोंधळ वाढतो, कारण गावच्या घरात पायांना पाठ असलेला नकाशा तेथे उपयोगी पडत नाही. हलवणे अपरिहार्य असेल तर त्यांचे अंथरूण, देव्हारा, नेहमीचा तांब्या-भांडे बरोबर न्यावे.

शंका आल्यास आधी ग्रामीण रुग्णालयात दाखवून पुढे मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आणि मानसिक आरोग्यासाठीची १४४१६ ही ‘टेली-मानस’ सेवा दूरध्वनीवरून मार्गदर्शन करतात. अल्झायमर पूर्ण बरा करणारे औषध आजही नाही; परंतु लवकर निदान झाल्यास औषधयोजना, पैशांची आणि जमिनीच्या कागदपत्रांची व्यवस्था, सोबत कोणी राहायचे याचा निर्णय, हे सारे वृद्ध व्यक्तीच्या संमतीने आणि तिच्या इच्छेप्रमाणे करता येते. ती संमती देण्याची क्षमता शाबूत असतानाच हे व्हायला हवे.